योना, युनूस आणि तीन टॅब: पैगंबरांच्या कथा शेजारी ठेवून वाचायच्या तर कोणती साइट कामाची?

इब्राहिम, मूसा, दाऊद ही मंडळी यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लिम अशा तिन्ही परंपरांत आहेत, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण कुठल्या ग्रंथात त्यांच्याबद्दल नेमकं काय लिहिलंय हे तपासायला बसलं की गाडी अडते. व्हॉट्सॲपवर फिरणारे तक्ते एकमेकांवरून उतरवलेले असतात आणि त्यातले अर्धे अध्याय-आयतींचे क्रमांक चुकीचे निघतात. मूळ मजकूर स्वतः उघडून बघणं हाच त्यावरचा इलाज, आणि त्यासाठी आज तीन चांगली ठिकाणं आहेत. हिब्रू तनाख (यहुदींचं बायबल) आणि तलमूद (यहुदी आचार्यांच्या चर्चांचा मोठा ग्रंथ) यांच्यासाठी सेफारिया, कुरआनसाठी कुरआन डॉट कॉम आणि मराठी बायबलसाठी युव्हर्जन, म्हणजेच बायबल डॉट कॉम. तिन्ही मोफत, आणि नुसतं वाचायला तिन्हीकडे खातं काढावं लागत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. साधन म्हणून सेफारिया सर्वांत पुढे, मराठी वाचकाच्या सोयीला युव्हर्जन आणि मांडणीच्या स्वच्छतेत कुरआन डॉट कॉम. मात्र तिन्ही ग्रंथ शेजारी मांडून दाखवणं यांपैकी एकाचंही काम नाही. ती जुळणी आपली आपणच करायची, आणि चुका होतात त्या तिथेच.

कुठल्याही साइटची परीक्षा घ्यायला योना, म्हणजे मुसलमानांचे युनूस, हा उत्तम पैगंबर आहे. कथा छोटी, तिन्हीकडे असलेली, आणि शोधणाऱ्याला चकवणारी.

कुरआन डॉट कॉमवर गेलं की पहिला मोह होतो तो दहावी सूरा, म्हणजे दहावा अध्याय, उघडायचा, कारण तिचं नावच ‘युनूस’. तिच्यात १०९ आयती (वचनं) आहेत आणि युनूस यांच्या लोकांचा उल्लेख फक्त ९८व्या आयतीत येतो. मासा नाही, जहाज नाही. सूरेचं नाव म्हणजे विषयाची अनुक्रमणिका असं समजणाऱ्याची इथे पहिली फसगत होते. दुसरी होते शोधाच्या चौकटीत. अरबी मजकुरात ‘युनूस’ हे नाव चारच ठिकाणी आहे: ४:१६३, ६:८६, १०:९८ आणि ३७:१३९. यातल्या पहिल्या दोन जागी इतर पैगंबरांच्या यादीत नुसतं नाव आहे. खरी कथा ३७:१३९ ते १४८ या दहा आयतींत आहे. आता गंमत अशी की माशाच्या पोटातली प्रसिद्ध प्रार्थना २१:८७ मध्ये आहे आणि तिथे त्यांना ‘झुन्नून’ म्हटलंय. ६८:४८ ते ५० मध्ये त्यांचा उल्लेख ‘माशाचा सोबती’ असा येतो. दोन्हीकडे ‘युनूस’ हा शब्द नाही, त्यामुळे नावाने शोधणाऱ्याच्या हाती मूळ अरबीतून या दोन जागा लागतच नाहीत. अनुवादकाने कंसात नाव घातलं असेल तर अनुवादातून सापडतील, नसेल तर नाही.

यावर उपाय आहे. ३७:१३९ उघडा, आयतीशेजारच्या मेनूतून तफसीर, म्हणजे कुरआनावरचं भाष्य, निवडा आणि भाष्यकार दुसऱ्या कुठल्या आयतींचा हवाला देतो ते बघा. युनूस यांच्यावरचं भाष्य वाचताना २१:८७ आणि ६८:४८ यांची आठवण निघतेच. मग पत्त्याच्या पट्टीत सूरेचा क्रमांक, तिरकी रेघ आणि १३९-१४८ असा पल्ला टाकला की तेवढ्याच आयती पानावर येतात. ही पल्ल्याची सोय फार उपयोगाची आहे. दुव्यातच नेमका उतारा असल्यामुळे दुसऱ्याला पाठवला तरी त्याला सूरेत शोधत बसावं लागत नाही.

मराठी अनुवाद आपोआप दिसत नाही. सेटिंगमध्ये अनुवादांच्या यादीत जाऊन मराठी निवडावा लागतो, आणि एका वेळी एकाहून जास्त अनुवाद लावता येतात. मराठीसोबत उर्दू किंवा इंग्रजीचा एखादा लावून ठेवावा. कंसातला मजकूर ही बहुतेक ठिकाणी अनुवादकाची भर असते. दोन अनुवाद एकाखाली एक असले की कोणता शब्द मुळातला आणि कोणता समजुतीसाठी घातलेला, ते लगेच उघडं पडतं. शब्दशः अर्थ दाखवण्याचीही सोय आहे. अरबी वाचता येत नसेल तरीही ती लावून ठेवा.

आता सेफारिया. इथे योनाचं पुस्तक चार अध्यायांचं, ४८ वचनांचं. एका बाजूला हिब्रू आणि शेजारी इंग्रजी असं वाचता येतं, पण खरी करामत वचनावर बोट ठेवलं की दिसते. बाजूला पट्टी उघडते आणि त्या वचनाशी जोडलेलं सगळं, म्हणजे भाष्य, तलमूद, मिद्राश (जुन्या यहुदी आचार्यांची विवरणं), अरामी भाषांतरं, किती नोंदी आहेत त्या आकड्यासकट समोर येतं. योनाचं पुस्तक योम किप्पूर या यहुदींच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत वाचतात. त्याचा आधार तलमूदात मगिल्ला या भागाच्या ३१अ या पानावर आहे, तोही इथून दोन-तीन टिचक्यांत सापडतो. कुरआन डॉट कॉमवर तफसीर आहे, पण हे जाळं इतकं दाट नाही. युव्हर्जनवर तर जवळपास नाहीच.

योना आणि युनूस आता समोरासमोर ठेवून बघा. चिठ्ठ्या टाकणं दोन्हीकडे आहे (योना १:७, कुरआन ३७:१४१). मासा दोन्हीकडे आहे, पण ‘तीन दिवस आणि तीन रात्री’ हा हिशेब फक्त हिब्रू पुस्तकात आहे. कुरआनात मुदतीचा आकडा नाही. वेलाची जागा बदलते, आणि माझ्या मते संपूर्ण तुलनेतली सर्वांत बोलकी गोष्ट हीच. योनाच्या पुस्तकात निनवे शहर पश्चात्ताप करतं, योना रागावून शहराबाहेर जाऊन बसतो, तेव्हा देव त्याच्यावर सावलीसाठी रोप उगवतो आणि दुसऱ्या दिवशी किडा लावून ते सुकवतो. रोप तिथे योनाला धडा देण्यासाठी आहे. कुरआनात युनूस आजारी अवस्थेत उघड्या किनाऱ्यावर टाकले जातात तेव्हाच भोपळ्याचा वेल उगवतो (३७:१४५-१४६), आणि त्यानंतर त्यांना एक लाख किंवा त्याहून अधिक लोकांकडे पाठवलं जातं (३७:१४७). वेल तिथे आसरा आहे, किडा नाही, रुसवा नाही. निनवेची संख्या योना ४:११ मध्ये एक लाख वीस हजारांहून अधिक अशी आहे. कथा तीच असून पैगंबराचं चित्र किती वेगळं होतं हे अशा एका रोपावरून कळतं. सारांश सांगणाऱ्या व्हिडिओंत नेमका हाच तपशील गाळलेला असतो.

तिसरा टॅब युव्हर्जनचा. योनाचं पुस्तक मराठीत वाचायला इथे पवित्र शास्त्राची पुनर्संपादित आवृत्ती आहे आणि आयआरव्ही (इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन) ही दुसरी मराठी आवृत्तीही आहे. नव्या करारात योनाचा दाखला मत्तय १२:३९-४१ आणि लूक ११:२९-३२ मध्ये येशूच्या तोंडी आहे. एका पैगंबराच्या कथेचा दुसऱ्याच्या बोलण्यात कसा उपयोग होतो ते बघायला ही दोन्ही ठिकाणं शेजारी वाचावीत. मत्तयमध्ये तीन दिवस-रात्रींचा उल्लेख आहे, लूकमध्ये तो नाही. वचनावर बोट दाबून ‘तुलना’ निवडलं की तेच वचन दुसऱ्या आवृत्त्यांत दिसतं. उतारेच्या उतारे शेजारी हवे असतील तर मात्र बायबल गेटवे बरं. तिथे एका वेळी पाच स्तंभ लावता येतात आणि मराठीची सोपी आवृत्तीही आहे. फक्त जाहिराती सोसाव्या लागतात.

आता सर्वांत जास्त घोटाळा जिथे होतो तो मुद्दा: वचनांचे क्रमांक. हिब्रू तनाख आणि मराठी बायबल यांची अध्यायांची विभागणी सगळीकडे सारखी नाही. मराठी बायबलमधलं योना १:१७, म्हणजे माशाने गिळण्याचं वचन, सेफारियावर २:१ आहे. त्यामुळे पुढचा सगळा दुसरा अध्याय एका अंकाने सरकतो. योएल मराठीत तीन अध्यायांचा, हिब्रूत चारांचा. ‘तुमचे पुत्र व तुमच्या कन्या संदेश देतील’ या आशयाचं वचन मराठीत योएल २:२८ आहे, सेफारियावर ३:१. यशया ९:६ तिकडे ९:५ होतं. मलाखी उलटा: मराठीत चार अध्याय, हिब्रूत तीन. एलीया परत येण्याबद्दलचं मलाखी ४:५ सेफारियावर शोधलं तर चौथा अध्यायच मिळत नाही. ते ३:२३ आहे. स्तोत्रांत वेगळीच भानगड. वरचं शीर्षक हिब्रूत बहुतेक वेळा वचन म्हणून मोजतात, म्हणून नाथान संदेष्टा दावीदाकडे आल्याच्या प्रसंगाचं ५१वं स्तोत्र तब्बल दोन अंकांनी पुढे जातं. दोन साइटवरचा मजकूर जुळत नाही असं वाटलं की अनुवादावर शंका घेण्याआधी एक-दोन वचनं मागेपुढे बघावीत.

कुरआनात ही अडचण कमी आहे. आज सर्वत्र चालणारी मोजणी ६२३६ आयतींची आणि कुरआन डॉट कॉमही तीच वापरतं. पण जुन्या युरोपीय पुस्तकांतून हवाले उचलत असाल तर सावध राहा. त्यांतली बरीचशी १८३४ साली निघालेल्या, फ्लूगेल या जर्मन विद्वानाच्या आवृत्तीचे क्रमांक देतात आणि ते काही आयतींनी इकडेतिकडे होतात.

विभागांची नावंही फसवतात. सेफारियावर तनाखचा ‘नवीईम’, म्हणजे संदेष्ट्यांचा, विभाग उघडून मोशेला शोधाल तर तो तिथे नाही. तो तोराहच्या पाच पुस्तकांत आहे. नवीईममध्ये यहोशवा, शास्ते, शमुवेल, राजे आहेत आणि पुढे यशया, यिर्मया, यहेज्केल आणि बारा लघु संदेष्टे. दानीएल तर ‘लेखां’मध्ये ठेवलाय. तलमूदात मगिल्ला ३अ वर तो संदेष्टा नव्हता असं स्पष्ट म्हटलंय. मराठी बायबलमध्ये मात्र तो संदेष्ट्यांच्या रांगेतच बसतो. दावीद आणि शलमोन हिब्रू कथेत मुख्यतः राजे म्हणून वावरतात, कुरआनात ते पैगंबर आहेत. लूतचंही तेच. उलट हूद आणि सालिह यांची कथा बायबलमध्ये नाही, त्यांच्यासाठी सेफारिया किंवा युव्हर्जन धुंडाळण्यात वेळ घालवू नका. अकराव्या सूरेत ५० ते ६८ या आयती वाचा, दोघंही तिथे पाठोपाठ भेटतात. शुऐब म्हणजे मोशेचा सासरा इथ्रो असं अनेक ठिकाणी छातीठोकपणे लिहिलेलं असतं. ही ओळख पुढच्या भाष्यकारांनी जुळवलेली आहे, कुरआनाच्या मजकुरात ती नाही.

नुसती मोजदाद करायची असेल तर कुरआनात पंचवीस पैगंबरांची नावं येतात आणि त्यातली अठरा ६:८३-८६ या चार आयतींतच आहेत. यादी करायला बसणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी, अर्धं काम होऊन जातं. एक लाख चोवीस हजार हा लोकप्रिय आकडा हदीसच्या, म्हणजे मुहंमद पैगंबरांच्या वचनांच्या, कथनातून आला आहे, कुरआनात तो नाही. ४०:७८ मध्ये एवढंच म्हटलंय की काही प्रेषितांचा वृत्तांत सांगितला आणि काहींचा सांगितलेला नाही. यहुदी बाजूची गणती मगिल्ला १४अ वर मिळते: अठ्ठेचाळीस पुरुष आणि सात स्त्रिया. सारा, मिर्याम, दबोरा, हन्ना, अबीगईल, हुल्दा आणि एस्तेर अशी ती सात नावं. खरे संदेष्टे याहून कितीतरी अधिक होते, पण पुढच्या पिढ्यांना ज्यांचा उपयोग होता त्यांचंच लिहून ठेवलं, असं कारणही तिथेच दिलंय. कुरआन ४०:७८ आणि मगिल्ला १४अ ही दोन पानं एकाआड एक वाचून बघाच.

सेफारियावर तलमूद वाचताना मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. इंग्रजी अनुवादात ठळक अक्षरांतला मजकूर तलमूदाचा, आणि साध्या अक्षरांतला अनुवादकाने जोडून घातलेला खुलासा असतो. कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की ठळकपणा जातो आणि खुलासाच तलमूदाचं वचन म्हणून फिरायला लागतो. ‘तलमूदात असं लिहिलंय’ म्हणून पसरणाऱ्या कित्येक वाक्यांचं मूळ या चिकटवाचिकटवीत असतं. दुसरा धोका ‘शीट’ नावाच्या विभागाचा. ती वापरकर्त्यांनी स्वतः तयार केलेली संकलनं असतात. काही उत्तम, काही अगदीच घाईत केलेली. त्यातून संदर्भ घ्यावा आणि मूळ पान उघडून तपासावा, थेट उद्धृत करू नये.

भाष्याच्या निवडीने निष्कर्ष कसा फिरतो याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे मुलाच्या बलिदानाचा प्रसंग. उत्पत्ति २२:२ मध्ये इसहाकाचं नाव आहे. कुरआनात ३७:१०२ ते १०७ या आयतींत मुलाचं नावच नाही, आणि इसहाकची शुभवार्ता पुढे ३७:११२ मध्ये येते. आज बहुसंख्य मुसलमान तो मुलगा इस्माईल मानतात. कुरआन डॉट कॉमवर इंग्रजी तफसीर उघडणारा बहुधा इब्न कथीर या भाष्यकारापाशी थांबतो, आणि इब्न कथीर इस्माईलच्या बाजूने जोरदार युक्तिवाद करतात. त्यांच्या आधी चार शतकं होऊन गेलेले भाष्यकार तबरी मात्र इसहाककडे झुकतात. त्यांची तफसीर त्याच साइटवर अरबीत आहे. म्हणजे सुरुवातीच्या भाष्यकारांत मतभेद होता, आणि एकच भाष्य वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय तिथली इंग्रजी इब्न कथीर संक्षिप्त आहे, मूळ ग्रंथ बराच मोठा.

हाच प्रसंग सेफारियावर उघडून २२:२ वर राशी या मध्ययुगीन यहुदी भाष्यकाराचं भाष्य बघा. देव म्हणतो, तुझा मुलगा घे. अब्राहाम म्हणतो, मला दोन मुलगे आहेत. तुझा एकुलता. हा त्याच्या आईचा एकुलता, तो त्याच्या आईचा. ज्याच्यावर तुझं प्रेम आहे तो. माझं दोघांवर आहे. मग देव नाव घेतो, इसहाक. इश्माएलाची आठवण हिब्रू परंपरेने या जागी अशी जपून ठेवली आहे. पट्टीतून पुढे गेलं की हाच संवाद तलमूदात सनहेद्रिन ८९ब वरही मिळतो. इतकं सलग वाचन दुसऱ्या दोन्ही साइटवर होत नाही.

मराठीत शोध घेताना येणाऱ्या अडचणी युव्हर्जनच्या दोषात धरायच्या की आपल्या लिपीच्या, हा प्रश्नच आहे. बायबलमध्ये अब्राहाम, मोशे, नोहा, ईयोब, एलीया अशी नावं आहेत. इब्राहिम, मूसा, नूह, अय्यूब, इलियास टाकलं तर तिथे काही मिळणार नाही, आणि कुरआनाच्या अनुवादात याच्या उलट. एलीयातली दीर्घ वेलांटी चुकली तरी निकाल बदलू शकतो. जखऱ्याची तर वेगळीच तऱ्हा. ‘ऱ्या’ हे अक्षर युनिकोडात दोन प्रकारे लिहिता येतं, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला ते वेगळे वाटू शकतात. निकाल शून्य आला तर पुस्तकांच्या यादीतून शिरावं, शोधाच्या नादी लागू नये.

युव्हर्जनबद्दल आणखी एक. ही सेवा लाइफ.चर्च या अमेरिकन चर्चची आहे आणि तिच्या वाचन योजना भक्तिपर, प्रॉटेस्टंट वळणाच्या आहेत. मजकूर वाचायला त्याने काही बिघडत नाही. फक्त ‘संदेष्ट्यांची ओळख’ छापाच्या योजना म्हणजे तटस्थ अभ्यासक्रम असं समजू नये. मराठी आवृत्त्या ६६ ग्रंथांच्या असल्यामुळे कॅथलिक वाचकाला बारूख हा ग्रंथ तिथे सापडणार नाही. रोजच्या सूचनांचा मारा सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतो.

कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या घराण्यांत एलियाहू हनाबींचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं, स्थान ज्यांना ठाऊक आहे त्यांना सेफारियावर एलीयाचं विषयपान खास आवडेल. गूळ-खोबऱ्याच्या पोह्यांचा मलिदा त्यांच्या नावाने होतो आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा उमटल्याचं सांगतात. ग्रंथातला आधार मात्र तीन जागी पाहावा: १ राजे १७ ते १९, अग्निरथाचा प्रसंग २ राजे २:११, आणि कुरआनात इलियास यांच्याबद्दल ३७:१२३-१३२. या कुरआनी आयतींत रथ नाही, बाल दैवताच्या पूजेला विरोध आहे. युनूस यांच्या आयतींपासून हा उतारा जेमतेम सात आयती वर, त्यामुळे एकदा ३७वी सूरा उघडलीत की दोन्ही वाचून घ्या.

भाषेबाबत सेफारियाला गुण कापावेच लागतात. साइटचा दर्शनी भाग हिब्रू आणि इंग्रजी एवढाच आहे. ज्याला इंग्रजी जड जातं त्याने तनाखचा मजकूर युव्हर्जनवर मराठीतून वाचावा आणि क्रमांकांची वरची भानगड सांभाळून फक्त भाष्यापुरतं सेफारियावर जावं.

अभ्यासवर्गासाठी उतारे छापून वाटायचे असतील तर परवाने बघून घ्या, तिन्हीकडे नियम सारखे नाहीत. सेफारियावर प्रत्येक ग्रंथाच्या माहितीत त्याचा परवाना लिहिलेला असतो. तलमूदाचा विल्यम डेव्हिडसन अनुवाद श्रेय देऊन बिगरव्यावसायिक कामाला वापरता येतो, पण ज्यूइश पब्लिकेशन सोसायटीच्या १९८५च्या तनाख अनुवादाचे हक्क राखीव आहेत. मराठी बायबलमध्ये आयआरव्ही खुल्या परवान्याची आहे, श्रेय देऊन आणि तोच परवाना पुढे ठेवून तिच्या प्रती काढता येतात. बायबल सोसायटीची पुनर्संपादित आवृत्ती तशी नाही. कुरआनाच्या अनुवादांचे हक्क ज्या त्या प्रकाशकाकडे असतात. हातात द्यायच्या कागदावर प्रत्येक उताऱ्याखाली ग्रंथ, आवृत्ती आणि क्रमांक लिहा. योना, योएल, मलाखी आणि स्तोत्रं असतील तर हिब्रू आणि मराठी असे दोन्ही क्रमांक टाका.